पहिली रांग, हीटरखाली

१ मार्च
हॉट योगा सुरू. बंद खोली, चाळीस डिग्री, दीड तास. मॅडम म्हणाल्या, आधी दोन तास काही खाऊ नका, पाणी भरपूर प्या, गरगरलं तर मुकाट्याने चटईवर आडवे व्हा, त्यात कमीपणा नाही. हे सगळं नवख्यांसाठी. मी कारखान्याच्या भट्टीखात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत. त्यातली एकोणीस एसी केबिनमध्ये, पण काचेतून भट्टी दिसते.
बायकोलाही घातलंय. तिला शिस्त लागेल.

२ मार्च
आम्हाला दाराजवळ बसवलं. तिथे जरा गार असतं म्हणे. सरळसरळ अपमान. ध्येय: महिनाअखेर पहिली रांग, हीटरखाली.
ही तीनदा आडवी झाली. वर मॅडमनी कौतुक केलं, शरीराचं ऐकता म्हणून. शरीराचंच ऐकायचं तर घरी पलंग आहे.

५ मार्च
क्लासमध्ये पाणी बंद. बाटलीला हात लावला नाही. दोनदा बाथरूमला गेलो, तिथे खिडकी आहे आणि नळही. ते मोजायचं नसतं.

९ मार्च
पुढची रांग मागितली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही दोघं अजून तयार नाही. दोघांपैकी कोण, ते मला कळलं. ही भांडी घासत होती तेवढा वेळ समजावलं की तुझ्या लोळण्याने माझी पत जाते. ही नुसतं बरं म्हणाली. समजूतदार आहे, फक्त सांगावं लागतं.

१२ मार्च
आज एकदाच आडवी. मी नुसतं बघितलं, उठली.

१४ मार्च
एकदाही नाही. घरी येऊन उलटी, डोकं धरून बसली. सवय व्हायला वेळ लागतो. मुलीचा फोन: आईला बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारलंत का. विचारलं म्हणालो. विचारणारच होतो.

१७ मार्च, दुपार
पहिली रांग मिळाली. मॅडम रजेवर होत्या, बदली बाईंना काही माहीत नव्हतं, चटया मीच पुढे टाकल्या.
विसाव्या मिनिटाला ही पुटपुटली, अहो, थंडी वाजतेय. हातावर काटा, घाम पार थांबलेला. चाळीस डिग्रीत थंडी म्हणजे हिने उष्णता जिंकली. मला अभिमान वाटला, मान डोलावली. मग ही खाली कोसळली.
मी एका पायावर होतो. तीस आकड्यांपैकी नऊ राहिले होते, ते पूर्ण केले. अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. तोवर मागच्या रांगेतल्या पोस्टातल्या बाईंनी तिला ओढत बाहेर नेलं होतं.

१८ मार्च, हॉस्पिटल
सलाईन. ही अजून अडखळत बोलते. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही लक्षण दिसलं होतं का. थंडीचं सांगितलं. मग विचारलं, तुम्ही काय काम करता. भट्टीखात्यात सुपरवायझर म्हटल्यावर त्यांचं लिहिणं थांबलं.
आमच्याकडे बोर्ड आहे: उष्णतेत कोणी थंडी वाजते म्हणाला तर ताबडतोब बाहेर काढा. खाली माझीच सही आहे. पण तो कामगारांसाठी.

४ मे
हिला डॉक्टरांनी फक्त साध्या वर्गाची परवानगी दिली, उघड्या खिडक्यांच्या. तो संध्याकाळी असतो. मी सकाळी, हॉटमध्येच. मॅडमनी मला पुन्हा दाराजवळ टाकलंय.
क्लासने आता सगळ्यांकडून फॉर्म मागितलाय. त्यात एक रकाना: अचानक काही झालं तर कोणाला कळवायचं. हिने धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. बहीण परगावी, यायला चार तास. मी म्हणालो, मी असताना ती कशाला. ही म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही शेजारीच होतात.
माझ्या फॉर्मवर हिचा नंबर लिहायला घेतला. म्हणाली, सकाळी मी फोन बघत नाही. मुलीला विचारलं, तिने फोन ठेवून दिला. पोस्टातल्या बाई बघते म्हणाल्या आणि गेल्या. रकाना रिकामा चालत नाही.
माझाच नंबर लिहिला.