दोन जागा आणि यानिरा

३ एप्रिल, हुआना दिआस

मिलवॉकीनेही घेतलं! म्हणजे आता दोन. पोन्सेचं मेडिकल कॉलेज घरापासून वीस मिनिटांवर. मिलवॉकीचं म्हणजे आमचं बेट सोडून एक विमान, मग दुसरं विमान, मग बर्फ. मी इतकी किंचाळले की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण गेलं गं?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. शेजारच्या दोन्या लुस, म्हणजे लुसबाई, तळलेली केळी घेऊन आल्या आणि लगेच गुडघा पुढे केला. "डॉक्टरीणबाई, हा जरा बघ बरं." अहो, कॉलेज ऑगस्टात सुरू होतंय!

४ एप्रिल

यानिराला सांगितलं. चार वर्षं आम्ही दोघी एका बाकावर बसलो, एकाच गाइडातून घोकलं. मी दोन्हीकडे आत, ती दोन्हीकडे वेटिंगवर. आणि मार्क तर तिलाच जास्त! तिने घट्ट मिठी मारली, अगदी मनापासून. मग म्हणाली, "तू जा मिलवॉकीला, गधडे. पोन्सेत एक जागा तरी सुटेल." हसत म्हणाली. पण म्हणाली.

तिला पोन्सेच हवंय. बाबांना सोडून ती एक रात्र कुठे राहिलेली नाही. तिची आई वारल्यापासून ते दोघंच.

नियम असा — ३० एप्रिलपर्यंत एकच जागा ठेवायची, दुसरी सोडायची.

९ एप्रिल

आई म्हणाली, "निर्णय तुझा. मी एक अक्षर बोलणार नाही." आणि दिवसभर बोलली. मिलवॉकीत म्हणे नाकातलं पाणीसुद्धा गोठतं. तिच्या मैत्रिणीचा मुलगा म्हणे तिकडे गेला तो गेलाच, आता नाताळलाही येत नाही.

संध्याकाळी मात्र बाजारातून जाड लोकरी मोजे घेऊन आली. इथे! या उकाड्यात! कुठून पैदा केले कोण जाणे.

१७ एप्रिल, मिलवॉकी

कॉलेज बघायला बोलावलंय. विमान टेकलं आणि मी टाळ्या वाजवल्या! आमच्याकडे वाजवतातच — चाकं जमिनीला लागली की सगळं विमान वाजवतं. इथे मी एकटी. शेजारचा गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिला. लाजेने मेले!

कॉलेज फार सुंदर. प्रयोगशाळा अशी की हात लावायची भीती वाटावी. माणसंही गोड. नावं ठेवायला काही सापडेना. जेवणात मीठ नव्हतं, एवढंच.

१९ एप्रिल

परत आमच्या सान हुआनला उतरलो. टाळ्या! सगळ्यांच्या! मागे कुणी शिट्टी मारली, एक म्हातारी ओरडली, "पोचवलंस रे देवा!" मी वाजवायला हात उचलले आणि रडायलाच लागले.

मला जायचं नाहीये. आईसाठी वगैरे नाही, माझ्यासाठीच. उगाच कशाला खोटं लिहू?

पण यानिरा?

२३ एप्रिल

तिच्या बाबांच्या गाड्यावर गेले. ते कोळशावर मांसाच्या शिगा भाजत होते. मी यानिराला बाजूला घेऊन म्हटलं, "तू म्हणालीस तर घेते मिलवॉकी."

भडकली! गिऱ्हाइकांसमोर! "उपकार करतेस माझ्यावर? पोन्सेच्या वेटिंगवर काय मी एकटीच आहे? जागा तिसऱ्याच कुणाला मिळाली तर? तू तिकडे गारठून मरशील आणि मी इथे तुझ्या नावाने बोटं मोडत बसेन!"

बाबांना काही कळलं नाही. त्यांनी दोघींच्या हातात एकेक शीग दिली. "आधी खा. मग भांडा."

खाल्लं. ती म्हणाली, "तुला हवं ते घे. माझं मी बघेन." मी तिच्या खांद्याला टेकून बसले. बरं वाटलं.

२८ एप्रिल

मिलवॉकी सोडलं. एक बटण, बस्स. आई म्हणाली, "मी काही बोलले नव्हते हं!" आणि डोळे पुसत पुसत गल्लीभर सांगून आली.

पोट भरून जेवले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

३० एप्रिल

पोन्सेहून यानिराला अजून फोन नाही. "येईल गं," म्हणते. मलाच समजावते!

४ मे

यानिराला फोन आला! मी गाड्याजवळच होते. दोघी रस्त्यातच नाचलो, तिची चप्पल तुटली. "पोन्से ना?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. मिलवॉकी. माझीच सुटलेली जागा असणार.

समोर तिचे बाबा कोळसे फुंकत होते. आम्हाला बघून हात हलवला.

यानिराने माझं मनगट धरलं. "त्यांना कसं सांगू गं?"