शेजारची खुर्ची

७ मार्च, शुक्रवार

झालं! माझी कादंबरी परीक्षणासाठी 'शेजारची खुर्ची'कडे गेली. प्रकाशकांनी मला न विचारताच प्रत पाठवली. पेपरचे संपादक म्हणतात, "कादंबरी थिएटरच्या तिकीटखिडकीवर घडते ना? मग सिनेमाच्या सदरात का नको?"

माझंच सदर! वर्षानुवर्षं त्या खुर्चीत मी बसत होते. खाली नाव कधीच नसायचं, नुसतं 'शेजारची खुर्ची' आणि तारे. कादंबरीसाठी मी उठले, तेव्हा संपादकांनी तिथे दुसऱ्या कुणालातरी बसवलं. कोण, ते सांगत नाहीत. "तुमचं तरी कुठे कुणाला सांगितलं होतं?"

इतकी वर्षं लोकांच्या घामाला दीड-दीड तारा वाटला. आता माझी पाळी.

घरची प्रत आईंनी — म्हणजे सासूबाईंनी — ताब्यात घेतलीय. दुसऱ्या प्रकरणात आहेत. तिसऱ्यात नायिकेची सासू जिन्यावरून पडून मरते. फार साधी, फार सोशिक सासू. आईंशी तिचा काहीएक संबंध नाही. नाहीच!

९ मार्च, रविवार

सदर वाचलं. "नायकाला रडू येत नाही, म्हणून दिग्दर्शकाने व्हायोलिनवाल्यांना रडवलंय." खळखळून हसले. मग संताप आला. हे मला का नाही सुचलं?

खाली चौकट — २३ तारखेला एका नव्या कादंबरीचं परीक्षण.

आई चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं लिहितो गं, जो कोण आहे तो. तुझ्यापेक्षा थोडक्यात."

१२ मार्च, बुधवार

संशय नवऱ्यावर. शनिवारी लॅपटॉप घेऊन आईंच्या खोलीत बसतो. मी गेले की झाकण बंद. "ऑफिसचं काम." आईच्या खोलीत? "तिथे नेट चांगलं येतं."

पण हा मध्यंतराआधीच घोरायला लागतो. याला व्हायोलिन कुठून ऐकू येणार?

१४ मार्च, शुक्रवार

मी सदर सोडल्यापासून आई शुक्रवारी दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाच्या वर्गाला जातात. आज परत आल्या, शाल झटकली, आणि फरशीवर पॉपकॉर्न पडला. एकच.

"वर्गात पॉपकॉर्न देतात?"

"दमतो ना आम्ही."

गुडघे मात्र आहेत तसेच.

१६ मार्च, रविवार

सापळा लावला. जेवताना सहज म्हटलं, "आजच्या सदरात चूक आहे. बहिणीचा स्वेटर निळा नव्हता, हिरवा होता." तो सिनेमा मी पाहिलेलाच नाही.

नवरा जेवत राहिला.

"निळाच होता," आई म्हणाल्या. "हिरवा त्या दुसरीचा, ती घर सोडून —" आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "पाणी दे गं जरा."

ठसका मात्र नवऱ्याला लागला.

१७ मार्च, सोमवार

म्हणजे आई! आणि एव्हाना त्या तिसऱ्या प्रकरणात असतील!!

१८ मार्च, मंगळवार

आईंना न मागता चहा नेऊन दिला. पाठीमागची उशी सारखी केली. गुडघ्यांना तेल लावून देऊ का, तेही विचारलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज काय विशेष?"

"काही नाही. सहज."

"साखर जास्त झालीय," म्हणाल्या. कप मात्र संपवला.

मला कळलंय, हे त्यांना कळलंय. आता आधी बोलणार कोण? मी तर नाही!

२० मार्च, गुरुवार

रागवायला जमत नाहीये.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आल्या आणि खिडकीशी बसून राहू लागल्या. बोलणंच बंद. मला दर शुक्रवारी सिनेमाचे दोन पास यायचे, दुसरा वाया जायचा, म्हणून त्यांना नेऊ लागले. एकदा अंधारात कानाशी आलं, "हा आता मरतो बघ. आईला उगाच फोन केलान." त्यानंतर त्या गप्प बसल्याच नाहीत. सदराचं नाव तिथूनच आलं. वाक्यंही — बरीच. "आई, ते तुमचं घेतलं हं," मी म्हणायचे. "घे की," त्या म्हणायच्या.

मग मी सदर सोडलं, पास बंद झाले. त्यांच्या शुक्रवारचं काय होणार, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि कादंबरीत? अशी बाई नायिकेच्या शेजारी बसवली असती, तर सगळं पुस्तक तिनेच खाल्लं असतं. शिवाय खरीखुरी लिहायची, तर आई दुखावतील ही धास्ती. म्हणून सोशिक केली. मग ती कंटाळवाणी झाली. मग जिना!

२३ मार्च, रविवार

अडीच तारे.

बाथरूमची कडी लावून वाचलं. "तिकीटखिडकीवरची नायिका झकास. लेखिकेला माणसं दिसतात, ऐकू येतात. मग तिसऱ्या प्रकरणात ती सासूला जिन्यावरून ढकलते. जिन्याला दोष देऊ नये. इतकी गरीब सासू मी जन्मात पाहिली नाही. कुणाला तरी लागेल, या भीतीने तिची जीभ कापून ठेवलीय. ती परत द्यावी. ज्या बाईवर ती बेतली असेल, ती बाई काही काचेची नाही. उरलेले अडीच तारे पुढच्या पुस्तकासाठी राखून ठेवलेत."

रडले. मग हसायला आलं. मग दोन्ही.

बाहेरून आई — "अगं, किती वेळ? बाकीच्यांनाही जायचंय!"

२४ मार्च, सोमवार

शेवटी मीच बोलले. "संपादकांना पटवलंत कसं?"

"तू सोडलंस त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, लिहिणारी गेली, बोलणारी इथेच आहे."

"आणि लिहितं कोण?"

"तुझा नवरा. मी सांगते, तो टाइप करतो. शुद्धलेखन भयंकर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी कधी विचारलंस, शुक्रवारी मी काय करते?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. "मी दोनच देणार होते. अर्धा त्याने हट्टाने वाढवला."

मध्यंतराआधी घोरणारा! आज त्याला न मागता चहा.

२८ मार्च, शुक्रवार

आईंबरोबर सिनेमाला गेले. या वेळी दुसरा पास माझा. अंधारात मी काहीतरी कुजबुजले.

"शू! ऐकू दे."

थोड्या वेळाने कोपर लागलं. "मघाचं पुन्हा सांग. घेते."

३० मार्च, रविवार

संपादकांचा फोन. खुर्ची पुन्हा रिकामी झालीय, परत येता का? "बाईंनी काल सोडली. कादंबरी लिहायला घेतलीय म्हणाल्या. तुम्हाला माहीत नाही?"

आईंच्या खोलीचं दार बंद. आतून टाइपिंगचा आवाज.

"कशावर आहे?"

"घरात एक लेखिका सून आहे, एवढंच बोलल्या."

"कितव्या प्रकरणापर्यंत टिकते ती सून?"

ते म्हणे बाईंनी सांगितलं नाही.

ती कादंबरीही परीक्षणाला इथेच येणार ना! खुर्चीला लगेच हो म्हटलं.