फितूर खांदा

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार
आज प्लॅस्टर निघालं. हात पांढराफटक, बारीक, दुसऱ्याच कुणाचा वाटतो. दंडाचं हाड जुळलं आहे असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे विषय संपला. उद्यापासून साखर कारखान्यात ड्यूटी. मोटरसायकल पुन्हा सुरू. पडलो त्यात माझी चूक नव्हती. रस्त्यावर उसाचं पाचट टाकणाऱ्याची होती.
घरी येऊन आरशासमोर फेटा बांधायला घेतला. उजवा हात खांद्याच्या लेव्हलला आला आणि थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. रेटला तर डोळ्यांपुढे काजवे. या हाताला तालमीत रगडलं, तेल पाजलं, तूप चारलं, आणि ऐन वेळी हा असा वागतो.
बायको राही म्हणाली, डॉक्टरांनी सांगलीला व्यायामाला जायला सांगितलंय ना? तिला समजावलं की ते पेशंट लोकांसाठी असतं.

११ फेब्रुवारी
मनूचं लग्न ठरलं. चौदा मे. जावई आप्पासो, शिराळ्याकडचा, पलटणीत आहे. माणूस चांगला. फक्त उंची फार. दारातून येताना वाकतो.
आमच्या भावकीची रीत अशी की मांडवात जावयाला फेटा सासऱ्याने बांधायचा, आणि जावई उभा पाहिजे. बसवून बांधतात तो दुखवट्याचा. शिवाय आमच्या मलकापुरात फेटा म्हटलं की मी, लालासाहेब, हे शेंबडं पोरही सांगेल. आमचा चुलतभाऊ नाथाजी बांधतो, पण त्याला फेटा म्हणायचं तर वैरणीच्या भाऱ्यालाही म्हणावं लागेल.
तीन महिने आहेत. मला तीन आठवडे पुरेत. जाऊ सांगलीला. राहीच्या समाधानासाठी.

१६ फेब्रुवारी, सांगलीहून परत आल्यावर
मला वाटलं होतं इंजेक्शन देतील. तिथे आगाशे बाई म्हणून पुण्याच्या एक आहेत, आमच्या मनूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. खोलीत कप्पीला दोरी, भिंतीवर शिडीसारखी लाकडी पट्टी. म्हटलं ही तर बालवाडी.
बाईंनी समजावलं, की हाड जुळलंय पण हात बांधून ठेवल्याने सांधा आखडलाय. दुखतो म्हणून माणूस हलवत नाही, हलवत नाही म्हणून जास्त आखडतो, आखडला की आणखी दुखतो. त्यातून बाहेर यायचं तर रोज हळूहळू हलवायचा. गोळीने दुखणं कमी होईल, पण हात वर जाणार नाही. मग शेक दिला आणि व्यायाम शिकवले. टेबलावर वाकून हात लोंबता सोडायचा आणि झोका द्यायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. कप्पीची दोरी डाव्या हाताने ओढून उजवा उचलायचा.
शेवटी म्हणाल्या, "घरी रोज करा. सोसेल तेवढंच."
बाईंना आपण कुणाशी बोलतोय याची कल्पना नसावी. मला किती सोसतं हे आमच्या तालमीतल्या केरबा पैलवानाला विचारा म्हणावं. राही बाकावर बसून सगळं टक लावून बघत होती. तिला काय कळणार.

१८ फेब्रुवारी
आढ्याला कप्पी बांधली. सिस्टिमॅटिक काम. डाव्या हाताने असा हिसका दिला की शेजारची कुत्री भुंकली. सोसलं. परत दिला. तोही सोसला. सोसेल तेवढं म्हणजे काय ते आज या खांद्याला कळलं.

१९ फेब्रुवारी
घास तोंडापर्यंत जाईना. राही भरवायला आली, मी नको म्हणालो. डाव्या हाताने जेवलो. आमटी सदऱ्यावर सांडली ती वाटी डगमगत होती म्हणून.

२३ फेब्रुवारी
सांगली. बाईंनी विचारलं किती केलं. अभिमानाने सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं कौतुक. तर म्हणाल्या, सोसेल तेवढंच म्हणजे ताण बसला की तिथे जरा थांबायचं आणि खाली यायचं. सहन होतंय म्हणून रेटायचं नाही, सांधा सुजतो. मी म्हणालो, मग तसं मराठीत सांगायचं.
बाहेर आल्यावर राही म्हणाली की तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळणारच. तिला आयुष्यात सोसावं काय लागलंय?

५ मार्च
नवीन संकल्प. डिसिप्लिन. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटं चालवणे. जिथे पोचतील तिथे पेन्सिलची खूण. मात्र काल कारखान्यात पाहुणे होते म्हणून केलं नाही. परवा अंगात कसर होती. त्याच्या आदल्या दिवशी पेन्सिल सापडली नाही.

१२ मार्च
खूण एकदम वीतभर वर गेली. शरीराला एकदा वळण लागलं की असं होतं. राही म्हणाली, आवं, टाचा उचलताय तुमी. मी म्हणालो माणूस उत्साहात असला की टाचा आपोआप उचलल्या जातात.

१४ मार्च
दगा.
दवाखान्यात बाईंना प्रोग्रेस सांगितली. भिंतीशी उभा राहिलो. बाई शांतपणे म्हणाल्या, टाचा टेकवा. टेकवल्या. बोटं जुन्याच जागी. बाईंनी राहीकडे पाहिलं, राहीने बाईंकडे. म्हणजे यांची आतून हातमिळवणी आहे. इतक्या वर्षांचा संसार आणि शेवटी ही फितुरी, तीही परक्या बाईजवळ.
एस.टी.त तिच्याशी बोललो नाही. इस्लामपूरला तिने उसाचा रस घेतला, मलाही विचारलं. मी मान फिरवली. पुढे कराडपर्यंत फार तहान लागली.

२६ मार्च
बायकांच्या उपचाराला रामराम. केरबाकडे गेलो. एका मातीत वाढलेली माणसं आम्ही. त्याने खांदा चाचपला आणि म्हणाला, "गड्या, दाराची कडी हाय ही. एका झटक्यात उघडतो बघ."
झटका दिला. मी ओरडलो असं तालमीतली पोरं सांगत सुटली आहेत. मी केरबाला फक्त थांब म्हणालो, जरा मोठ्याने.
आता हात होता त्याच्याही खाली आला आहे. केरबा म्हणतो, सांधा हट्टी हाय. ज्याच्यासाठी भर आखाड्यात भांडलो तो हा माणूस.

४ एप्रिल
सांगली. एक्स-रे काढला, हाड शाबूत. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. पुन्हा पहिल्यापासून शेक, पुन्हा झोका. मला विचारलं, एवढी घाई कशाची? फेट्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, सोपं आहे, जावयाला खुर्चीवर बसवा.
मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "बाई, बसवून फेटा आमच्यात कवा बांधत्यात ठावं हाय? बाप मेल्यावर."
बाई माफ करा म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी राहीला पुढे बोलावलं आणि माझ्या कोपराखाली तळवा कसा धरायचा ते शिकवलं. हात त्यांनी उचलायचा, तुम्ही वजन तेवढं घ्यायचं, ओढायचं नाही. अडला की थांबायचं, श्वास सोडू द्यायचा, मग पुढे. मी खिडकीबाहेर बघत होतो. बायकोच्या तळव्यावर हात ठेवून एक्सरसाइज करणारा माणूस मी नव्हे.

१३ एप्रिल
राहीच्या आग्रहाखातर दार लावून करतो. ती धरते, मी उचलतो. आज हात कानापर्यंत गेला. टाचा टेकलेल्या. झोपेतही त्या कुशीवर वळलो आणि जाग आली नाही. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.
मधेच नाथाजी दार ढकलून आत आला. बोटात काटा गेला होता, राही काढत होती, असं सांगितलं. तो म्हणाला, कोपरात बोट कवापास्नं आलं?

२२ एप्रिल
राहीला म्हणालो, आता तुझी गरज नाही, माझं मी करतो. एकट्याने केलं. हात हनुवटीपाशी थांबला. हवा दमट होती.

२ मे
नाथाजीच्या घरावरून चाललो होतो. पडवीत तो खांबाला फेटा बांधत होता. नवा कोरा, गुलाबी. मला बघून दचकला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, मनूनेच सांगितलंय, काका, तुमी सराव करून ठेवा.
माझी मनू. घरी येऊन तिला विचारलं. खाली मान घालून म्हणाली, "आबा, तुमचा हात लय दुखतोय. सगळ्या मांडवात अडला तर तुमालाच वाईट वाटंल. म्हनून म्हनलं तयारी असावी."
खांदा फितूर झाला, बायको झाली, केरबा झाला, ते सगळं गिळलं. पण पोटच्या पोरीला आपला बाप पडणार याची खात्री आहे, आणि तिने शांतपणे दुसरा माणूस बघून ठेवला. मला फार वाईट वाटलं. गोठ्यात जाऊन बसलो. राही चहा घेऊन आली, तो तसाच परत पाठवला.
फेटा मीच बांधणार. एकट्याने. नाहीतर मांडवात पाय ठेवणार नाही.

१० मे
व्यायाम चालू आहे. राही धरते, कारण तिचं मन मोडवत नाही. मनूशी कामापुरतं बोलतो. तिने माझ्या कोटाला बटणं लावून दिली. मी थँक्यू म्हणालो, म्हणजे तिला समजावं.

१५ मे
काल कार्य पार पडलं. डिटेलवार लिहितो, कारण हा दिवस लिहून ठेवण्यासारखाच आहे.
फेटा मी बांधला. नाथाजी गुलाबी फेटा घेऊन बाजूला उभाच राहिला. आप्पासो पाटावर ताठ, पलटणीत असल्यासारखा. एवढ्या उंच माणसाला पाटावर कुणी उभं केलं त्याची चौकशी व्हायला हवी. पहिले वेढे झकास बसले, ते डाव्या हातावरच असतात. तुरा काढायच्या वेळी उजवा हात खांद्याशी जरा थांबला. उकाडा फार होता. वाजंत्री बंद पडली. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. नाथाजीने एक पाऊल पुढे टाकलेलं मला दिसलं, आणि मनूने अंतरपाट धरायला आणलेलं कापड तोंडावर घेतलं.
एक श्वास सोडला. आणि हात वर गेला. कान, कानाच्या वर, कपाळ, जावयाचं डोकं. तुरा असा उभा राहिला की व्याही बघतच राहिले. एकट्याने केलं. राही तेवढ्यात माझ्या पाठीमागे येऊन कडमडत होती. मुलीच्या लग्नात आईला दुसरी काय कमी कामं असतात? आगाशे बाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत वाजवल्या. असो.
निघताना मनू माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, आबा, म्या चुकले. मी मोठ्या मनाने माफ केलं. मग मीही थोडा रडलो.
कराडच्या फोटोवाल्याने नेमका तुऱ्याचा फोटो घेतला आहे. मोठा करून बाहेरच्या सोप्यात लावायचा. एक कॉपी नाथाजीला.

२८ मे, रविवार
फोटो आले.
माझा चेहरा रुबाबदार. आप्पासो छान. तुरा उभा. आणि माझ्या कोपराखाली हिरव्या चुड्याचा एक हात. तळवा पसरलेला, अगदी बाईंनी शिकवला तसा, बांगडी न् बांगडी मोजून घ्यावी इतका स्वच्छ. बाकीची राही माझ्यामागे झाकली गेली आहे. कॅमेऱ्यासारखी निर्जीव वस्तूसुद्धा माणसाला दगा देते.
लगेच कराडला गेलो. फोटोवाल्याला म्हणालो, हा मधला हात खरवडून काढा. ब्रशने रंगवतात तसं काहीतरी करा. त्याने फोटो उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "काढतो की. पन त्यो काढल्यावर तुमचा हात कशावर हाय म्हनून दावू?"
आहे तसाच फ्रेम करायला सांगितला, मोठ्या साइजमध्ये.
राहीला घरी येऊन सांगितलं, फोटोवाला कामात कच्चा आहे, त्याला तुझा हात काढता आला नाही.