आगीकडे पाठ

न्यू बेडफर्ड, ९ फेब्रुवारी १८६३

आज सभागृहात घसा फुटेस्तोवर बोलले. गुलामांच्या पाठीवरच्या वळांविषयी, आणि शेवटी सख्ख्या भावाविषयी. "जोएल माझा भाऊ खरा, पण आता तो समुद्रावरचा दरोडेखोर आहे. त्याला फाशीच!" टाळ्या थांबेनात.

घरी आई न जेवता बसलेली. "टाळ्या घेऊन आलीस. मी मुलगा कुठून आणू?"

वीस वर्षं आपल्याच नौदलात काढली त्यानं! दक्षिणेतल्या चार्ल्सटनची बायको केली, युद्ध पेटताच गुलाम राखणाऱ्या दक्षिणेला मिळाला. आता खोटं निशाण लावून आपल्याच गावची व्हेलशिकारी जहाजं गाठतो, कप्तानांची घड्याळं काढून घेतो नि जहाजं जाळतो.

१४ फेब्रुवारी

लुटलेल्या जहाजावरचे खलाशी परतले. जोएलची नवी युक्ती त्यांनीच सांगितली. पकडलेलं जहाज तो दिवस मावळताना पेटवतो आणि अंधारात दबा धरून बसतो. समुद्रावर आग दिसली की निशाण न पाहता मदतीला तिकडे वळायचं — हा इथला धर्म. वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलेला. त्याचंच त्यानं आमिष केलं! आईला काय सांगू?

१५ फेब्रुवारी

एबेनचं जहाज पुढच्या महिन्यात निघतंय. म्हणतो, "मेव्हण्याला तुझा काही निरोप?" नवऱ्याच्या या थट्टेला मी हसले नाही.

२२ फेब्रुवारी

सगळ्या कप्तानांपुढे धक्क्यावर बोलले. "आग दिसली तर पाठ फिरवा! तुमची दया हेच त्याचं जाळं आहे!"

म्हातारे बार्झिलाय काका मधेच उठले. "पोरी, ही सवय एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. मला दोनदा आगीतून काढलंय लोकांनी."

"काका, तेव्हा समुद्रावर जोएल नव्हता."

लोक हसले. काका खाली बसले. मग एकेकानं शपथेचा हात वर केला. एबेननंही. सर्वांत शेवटी.

३ मार्च

एबेन गेला. त्याचं जहाज 'पेशन्स' दिसेनासं होईतो उभी होते. वारा बोचरा.

२० ऑगस्ट

धक्क्यावर शपथ घेतलेले कप्तान विंग तेलाची पिंपं भरून सुखरूप परतले! थेट आमच्या दारात.

"बाई, तुमच्यामुळे वाचलो. अझोर्स बेटांच्या खाली तिन्हीसांजेला आग दिसली. माझा सुकाणूवाला रडायला लागला, वळू द्या म्हणून. म्हटलं, गाढवा, बाई काय म्हणाल्या होत्या?"

आईनं विचारलं, "ओरडणं ऐकू आलं का रे?"

"वारा उलटा होता, आजी."

एक जहाज तरी माझ्या शब्दांनी वाचलं. आईला मात्र आनंद नाही. फार रागावले तिच्यावर.

११ ऑक्टोबर

'पेशन्स'वरचे चौघे आले. चौघेच.

तिन्हीसांजेला जहाजावर व्हेलची चरबी कढवताना कढई कलंडली. तेल पेटलं, होड्यासुद्धा जळाल्या. लांबून एक जहाज गेलं. पोरं शर्ट हलवत ओरडत राहिली. एबेन म्हणाला, "घसा कोरडा करू नका. तो विंग आहे. आम्ही दोघांनीही हात वर केला होता."

१२ ऑक्टोबर

काल पुढचं लिहवलं नाही. पहाटे एक जहाज आगीकडे वळलं. त्यानं या चौघांना पाण्यातून काढलं. एबेन तोवर उरला नव्हता.

जहाज जोएलचं होतं.