बर्फावरचा ब्रेक

२ एप्रिल
लातूरचे आमचे स्केटिंगचे सर येऊन राहिलेत. संगं ओंकार, त्यांचा भाचा. राष्ट्रीयची निवड चाचणी यंदा मी कामाला हाय त्याच मॉलच्या बर्फावर. महाराष्ट्रातनं मुलांत नावं दोन, जागा एक. एक मी, दुसरा त्यो. लातूरला चाकावर खेळायचो तवा सरांनी ऐन वक्ताला माझं नाव काटून त्याचं घातलं. तवाच म्हणलो होतो, बघतो. दिल्लीकडं येऊन लोकांना भाड्याचे स्केटिंगचे बूट वाटले, गिऱ्हाईक गेलं की सराव केला. आता या म्हणावं.

५ एप्रिल
बाबांचा फोन. टँकर आठवड्यातनं एकदा, तोबी भांडणाचा. आपल्या तालुक्याचा जिल्हा करा म्हणून रस्ता रोको. जिल्हा झाला की स्केटिंगच्या नव्या संघटनेवर सर बसणार म्हणे. तवा भाचा राष्ट्रीयला गेलेला पाहिजे, म्हणून ही घाई.
"उगं डोकं तापवू नको," बाबा म्हणले. "पाय बघ."
पायच बघून राहिलो.

६ एप्रिल
बर्फ घासताना हलगी डोक्यात. लातूरला असताना काकांकडनं वाजवून मोबाईलमध्ये घेतली होती. आपल्या लोकांनी ती कवाच सोडली, तू परत कशाला उचलली, म्हणून बाबा लई दिवस बोलले न्हाईत. तरी तिच्यावर गिरक्या बसवल्या. सर म्हणले, ऐकाय दे. दिली. स्पर्धेत त्याच हलगीवर, माझ्याच गिरक्या घेत ओंकार उतरला. मी बाकावर. टाळ्याबी वाजवल्या, सर बघत होते म्हणून.
त्या टाळ्या वसूल करायच्यात.

९ एप्रिल
आले. "सिद्ध्या, लेका, दिल्लीचं पाणी मानवलं की तुला!" म्हणून ओंकार गळ्यात पडला. माझे हात खिशात.
सर: "काय सिद्धार्थ, बूट वाटतोस म्हणे."
"हाव. तुमच्या बुटाचा नंबर सांगा."
ओंकार बर्फावर पहिल्यांदाच. चाकावरची बक्षिसं दाखवून नाव लावलंय. बुटाच्या पात्याला पुढं बारके दात असतात, उडी मारायला. त्यांच्यावर बोट फिरवत विचारलं, "ब्रेक ह्योच ना? आपल्या चाकाच्या रबरासारखा?"
"हाव."
बास, एवढंच बोललो. चाकावाले समदे इथंच फसतात. मीबी तोंडावर पडलो होतो. मला कुणी सांगितलं होतं?

१० एप्रिल
पडला. जोरात आला, मामाकडं बघून हात केला, आन थांबाय पुढचे दात टेकवले. हनुवटी फुटली, टाके पडले. लाल झालेला बर्फ मीच खरवडला.
लई बरं वाटलं. जेवण गोड लागलं.

११ एप्रिल
सरांनी कोपऱ्यात गाठलं. "तुला मालूम होतं. सांगितलं का न्हाईस?"
"माझं नाव काटलं तवा तुम्ही कुठं सांगितलं?"
एकदम "सिद्धार्थराव" म्हणाय लागले! ओंकारचे टाके भरेस्तोवर चाचणी पुढं ढकला म्हणून त्यांनी परीक्षक मॅडमला विनवलंय. मॅडम म्हणल्या, दुसऱ्या खेळाडूची हरकत नसेल तर. दुसरा खेळाडू म्हंजे मी. उद्या सकाळी सांगायचंय.
हरकत हाय म्हणलो की जागा माझी. एकट्यानं फिरून यायचं, झालं.
पण लातूरला काय बोलतील? ओंकार पडला म्हणून याला भेटलं. मला त्यो समोर पाहिजे. माझ्याच हलगीवर उतरलेला, आन तरी हरलेला. सरांच्या डोळ्यादेखत.
पण तोवर शिकला तर? पाय हुशार हायत त्याचे. ते मला सगळ्यात आधी मालूम…

१२ एप्रिल, सकाळ
मी यायच्या आधीच ओंकार बर्फावर. हनुवटीला पट्टी. लांबूनच वरडला, "सिद्ध्या, ह्ये दात थांबायला न्हाईत बे! तूबी विसरलास व्हय?"
विसरलो, असंच वाटतंय त्याला. मामानं काही सांगितलेलं दिसत न्हाई. ती हलगी कुणाची, ते तरी सांगितलं का कवा?
पाय आडवा करून थांबाय बघून राहिलाय. जमत आलंय. वजन तेवढं चुकीच्या पायावर टाकतोय.
मॅडम आल्या. "काय ठरलं?"
"पाच मिनिटं द्या."
सर वरच्या पायरीवर, मान खाली. ओंकार हात करून बोलवून राहिलाय, "ये की, एकदा करून दाखव."
मॅडम कठड्याशी उभ्या. माझे बूट बांधून झालेत. आधी त्याला वजनाचा पाय दाखवतो, मग मॅडमला सांगतो, हरकत न्हाई.