विहीणबाई आल्या आणि अंडी गेली

माझे धाकटे युएलान, थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या म्हाताऱ्याचा खोकला गेला की अजून पहाटे गाव उठवतो? इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. अक्षर वाकडं आहे, पण मजकूर सरळ आहे, तेव्हा वाच.

सूनबाई शुफेनला मुलगी झाली हे कळलंच असेल. तिची आई बाळंतपणाचा महिना काढायला तालुक्याहून आली आहे. फार गोड बोलते. (इतकं गोड आजवर फक्त बियाणं विकणाऱ्यांना बोलताना ऐकलं.) महिना भरला की घरोघरी लाल रंगवलेली अंडी वाटायची. ती कमी पडली तर गाव म्हणेल, नात झाली म्हणून तानांच्या घरच्या म्हातारीनं हात आखडला. नातीच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात असलं बोलणं मी येऊ देणार नाही.

पण अंडी हवीत ना. रोज सकाळी खुराडं उघडताना एकेका कोंबडीच्या बुडाला बोट लावून बघते (नाक मुरडू नकोस, आईनंच शिकवलंय), त्यामुळं आज कोण घालणार हे मला पक्कं ठाऊक. दिवसभर मोकळ्या फिरतात आणि संध्याकाळी पोटं रिकामी, टोपलीही रिकामी. तांबडी तर मी मागं लागले की थांबून माती उकरते, जसं काही अंड्याचं नावच ऐकलेलं नाही. बांबूच्या बनात रांगले, पेंढ्यात खांद्यापर्यंत हात घातला. काही नाही. मग उरलं कोण? विहीणबाई रोज दुपारी मागच्या लाकडांच्या खोलीत जातात, लेकीला पाणी तापवायचं म्हणून, आणि येताना माझी नजर चुकवतात. जेवताना मी सहज म्हटलं, हल्ली आमच्याकडं दोन पायांची मुंगसं फार झालीत. बाई भातात बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. माझा माओशेंग म्हणतो, आई, गप्प बस. बापावर गेलाय.

शेवटी विहीणबाईंना त्या खोलीच्या दारातच धरलं आणि म्हटलं, दाखवा हात. हातात लाकडं.

"ताई," त्या म्हणाल्या, "अंडी कुठं आहेत ते मला आल्यापासून माहीत आहे. पण तुम्हाला तिथं वाकून बघा असं कोणत्या तोंडानं सांगू? जावईबापूंना सांगावं तर ते म्हणतील, सासूला आईच्या पेटीत काय काम?"

आणि बोट केलं ते खोलीतल्या माझ्या शवपेटीकडं. माओशेंगनं माझ्या साठीला रिवाजाप्रमाणं करून ठेवली तीच, काळ्या लाखेची, हवा लागावी म्हणून झाकण जरा सरकवलेलं. जित्या माणसाला तिच्यात डोकाव म्हणणं म्हणजे आटप म्हणण्यासारखंच, हे मलाही मान्य. वाकले तर आत तांबडी पसरून बसलेली, खाली सगळ्याजणींच्या अंड्यांचा ढीग. माझ्या जागेत मलाच टोचली.

कळावे. लेकरांना पापा.

तुझी ताई

ता.क. ती अंडी आता उबेला बसलीत, रंगवायच्या कामाची नाहीत. तुझ्याकडची दोन टोपल्या अंडी बसनं पाठव. वर मुळ्याचा पाला घाल. माझ्याच कोंबड्यांची म्हणून वाटीन.

पुन्हा ता.क. माओशेंग म्हणतो, विहीणबाईंची माफी माग. मी त्यांना कोंबडीचा रस्सा दिला, तेवढं पुरे. जागा ठाऊक असून जी बाई एकही अंडं उचलत नाही तिच्यावर जास्तच नजर ठेवावी लागते. आणि माझी चौकशी करायला धावत येऊ नकोस. पिल्लं निघेपर्यंत मला मरायला जागा नाही.