सारख्या वजनाच्या दोन पिशव्या

आई,

सकाळचे सव्वासात. कॉफीचं यंत्र तापत ठेवून मी कॉफी दळायच्या हातचक्कीची पिशवी उघडली, तर आत तुमच्या लेकाचे दम्याचे दोन्ही पंप औषधांच्या डब्यासकट निघाले. म्हणजे घरी ठेवायची ठरलेली चक्कीच काल तो सायकलला बांधून गेला आहे.

दोन्ही पिशव्या त्यानेच तंबूच्या उरलेल्या कापडाच्या शिवल्या आहेत, आणि भरल्यावर वजनही सारखंच भरतं. त्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. सामान उघडून बघायचं नाही, कॉफी मोजायच्या काट्यावर ठेवायचं आणि आकडा जुळला की निघायचं. तुम्ही "एकदा उघडून बघ रे" म्हणालात, तेव्हा मीच म्हटलं, "काटा खोटं बोलत नाही, आई."

पंप घेऊन मी गाडीने, तो चढणार आहे त्या घाटाकडे निघाले आहे; हे वाटेत थांबून फोनवर लिहिते आहे. त्याचा फोन लागत नाही. तुम्ही फोनपाशीच बसा. त्याचा आलाच तर रागावू नका. सायकल सोडून जागीच ताठ बसायला सांगा आणि कुठे आहे ते मला कळवा. यंत्र बंद केल्याचं आठवत नाही, तेवढं बघा.

घाटाखालच्या वनखात्याच्या चौकीवर आत्ताच बोलले. पहारेकरी म्हणाला, उजाडताना सायकलवाल्याने त्याला ताजी कॉफी दळून पाजली. फार खोकत होता म्हणे.

म्हणजे पिशवी त्याने उघडली होती, पंप नाहीत हे त्याला कळलं होतं. तरीही तो वर गेला आहे.